टिटवीच्या घशाभोवतीची रेघ

एका जंगलात, बाळांनो, वाघोबाला डायबेटिस निघाल्यापासून दवाखान्यांची नुसती चंगळ होती. त्यातल्या सगळ्यात मोठ्या दवाखान्यात साळोजी नावाचं एक साळिंदर डॉक्टर होतं.

साळोजीचं काम एकच. स्कॅनच्या चित्रावर गाठीभोवती रेघ काढायची. रेघेच्या आतलं सगळं किरणांनी जाळायचं, बाहेरचं राखायचं.

एके दिवशी टिटवी आली. घशात ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ. कॅन्सरची.

"डॉक्टरसाहेब, आवाज तेवढा राखा हो," ती म्हणाली. "माझं घर उघड्या माळावर. साप आला की मी ओरडते, तेव्हा कुठं पिल्लं दडून बसतात."

"अहो टिटवीताई, काळजीच सोडा!"

साळोजीनं अंगावरचा काटा उपसून रेघ काढली. इतकी नेमकी, की त्यानं स्वतःच स्वतःला शाबासकी दिली.

मग त्याला वाटलं, गाठीची मुळं काही चित्रात दिसत नाहीत. रेघ जरा वाढवली. टिटवी श्वास घेणार, मान हलणार. आणखी जरा वाढवली. इथवर सगळं शास्त्रात होतं.

पण गाठ उरली तर? मोठे डॉक्टर हत्तीसाहेब चारचौघांत विचारतील, "साळोजी, रेघ इतकी चिकटून का काढलीत?" नुसत्या या धाकानंच त्यानं रेघ अजून वाढवली. हे मात्र शास्त्रात नव्हतं.

हत्तीसाहेबांनी चित्र पाहिलं. "अजून थोडी लांबून घ्या. उगाच माझ्या नावाला बट्टा नको."

आता टिटवीचा अख्खा कंठ रेघेच्या आत आला. साळोजीला ते स्पष्ट दिसत होतं. 'वा रे पठ्ठ्या!' तो मनात म्हणाला. 'अंगभर भाले आणि काळीज सशाचं!' तरी रेघ खोडायला त्याचा हात काही उचलला गेला नाही.

किरणं दिली. गाठ समूळ गेली. दवाखान्यात पेढे वाटले, हत्तीसाहेबांनी भाषण ठोकलं. आभार मानायला टिटवीनं चोच उघडली. आवाजच फुटला नाही. साळोजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्याभरानं माळावरचा साप दवाखान्यात आला. पोट टम्म फुगलेलं, तोंडात झेंडूचा हार. तो साळोजीच्या गळ्यात घालून म्हणाला,

"डॉक्टरसाहेब, तुमच्या हाताला गुण आहे हो!"

तात्पर्य: रेघ नेहमी मोठी काढावी. तिच्यात रोगही मावतो, रोगीही मावतो. आणि बाहेर सुखरूप राहतो तो रेघ काढणारा.