सतरा किलोमीटरवरची पंगत

माझ्या दारातून आजवर कुणी उपाशी गेलेला नाही. सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्याजवळ जीप बंद पडली की ड्रायव्हर मेकॅनिक शोधायच्या आधी आमचं घर शोधायचा. सगळी जीप जेवायची, पाणी प्यायची, आणि मग ती जीप कशी कोण जाणे आपोआप सुरू व्हायची. त्यामुळे नाशिकच्या मोठ्या शर्यतीत मला पाण्याच्या ठाण्यावर स्वयंसेवक म्हणून नेमलं, तेव्हा मी छातीवर हात ठेवून म्हणाले, "काळजी सोडा. माझ्या ठाण्यावरून कुणी सुकलेल्या तोंडाने पुढे जाणार नाही."

तसंच झालं. पुढे कुणी गेलंच नाही.

पण आधी माझ्या सुनेचं सांगते, कारण हे सगळं तिच्यापायी झालं.

वेदिका सातपूरला एका कारखान्यात सुटे भाग मोजून तपासते. केसाएवढा फरक असला तरी तिला दिसतो. दोन वर्षांपूर्वी, छत्तिसाव्या वर्षी, तिच्या डोक्यात आलं की एकाच दिवसात दोन किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगाने नव्वद किलोमीटर सायकल हाणायची, आणि खाली उतरून एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं साडेआठ तासांत.

मी विचारलं, "मागे कोण लागलंय?"

"कुणी नाही, आई."

"मग सावकाश कर की. पोहणं सोमवारी, सायकल मंगळवारी."

ती हसली. माझा मुलगा राजू मात्र हसला नाही, कारण सायकल त्याच्या टीव्हीसमोर आली होती. पुढच्या खोलीत एका लोखंडी घोडीवर ती सायकल अडकवलेली असायची. वेदिका रोज पहाटे तिच्यावर बसून तासभर पाय मारायची आणि होती तिथेच राहायची. आमची शेजारीण मंगलाबाई एकदा खिडकीतून बराच वेळ बघत राहिली आणि मला म्हणाली, "हिला कुणी तरी सांगा, चाक जमिनीला टेकत नाही."

तोच तास माझी शाळा झाला. मी आयुष्यभर अंगठा लावला. लहानपणी भाताच्या आवणीला जात होते, मोठेपणी द्राक्षाच्या बागेत, मग धुण्याभांड्यांना. अक्षरांची आणि माझी गाठ पडायची राहूनच गेली. वेदिकाने एका पहाटे माझ्या हातात पहिलीचं पुस्तक दिलं आणि सायकलसमोर पाटावर बसवलं. मी एकेक अक्षर लावायची, ती धापा टाकत दुरुस्त करायची. मी 'कमळ' म्हणेपर्यंत तिचा एक किलोमीटर व्हायचा. मी वैतागून पुस्तक मिटलं की ती वरूनच म्हणायची, "आई, हळू चाललं तरी चालेल. थांबायचं नाही."

त्रेसष्टाव्या वर्षी मी बसवरची पाटी वाचली. बस निघून गेल्यावर वाचून पुरी झाली, ते सोडा.

हंगामातली पहिली शर्यत डिसेंबरात होती, दूर कोल्हापूरकडे. वेदिका साडेआठ तासांवर चार मिनिटांनी पोचली. शेवटाला हवा भरून फुगवलेली एक मोठी लाल कमान असते, तिच्याखालून जायचं म्हणजे शर्यत पुरी. ती पोचली तेव्हा लोकांनी कमानीतली हवा सोडली होती. कमान रस्त्यावर आडवी पडलेली, ओल्या धोतरासारखी. वेदिका त्या कापडाच्या कडेने पाय टाकून पलीकडे गेली. टाळी वाजवायला मी आणि राजू, बाकी खुर्च्या उचलणारे. तिथे ती हसली. येताना गाडीत तोंड खिडकीकडे करून बसली, आणि सिन्नर येईपर्यंत तोंड फिरवलं नाही.

जानेवारीतल्या दुसऱ्या शर्यतीत तिचं चाक दोनदा पंक्चर झालं आणि सायकलच्या टप्प्यावरच तिला बाद करून घरी पाठवलं. राहिली शेवटची, फेब्रुवारीतली, आपल्याच नाशिकची. धरणात पोहायचं, घाटाकडे सायकल, आणि धरणाच्या बाजूने पळायचं. तिला नंबर नको होता, बक्षीस नको होतं. एवढंच हवं होतं, की ती पोचेल तेव्हा कमान उभी असावी.

म्हणून मी स्वयंसेवक झाले. शर्यतीच्या अकरा दिवस आधी नियमांची पुस्तिका आली. वेदिका म्हणाली, "मी वाचून दाखवू का?"

"नको. माझं मी वाचीन."

रोज एक नियम वाचायचा असं ठरवलं. पहिला नियम, स्पर्धकांना पाणी द्यावे. सातवा, केळी सोलून द्यावीत. अकरावा आदल्या दिवशी संध्याकाळी संपला: स्पर्धकांशी प्रेमाने बोलावे. नियम एकूण सोळा होते. मी म्हटलं, अकरा पुष्कळ झाले. लग्नात सात वचनांवर भागतं.

आमचं ठाणं पळायच्या वाटेवर सतराव्या किलोमीटरला होतं, एका जुन्या चिंचेखाली. तिथून कमान चार किलोमीटर. ठाण्याचा प्रमुख किशोर नावाचा बँकेतला मुलगा. सोबतीला मी माझी धाकटी जाऊ कुसाबाई हिला घेतलं, आणि वेदिकासाठी म्हणून थोडं सामान. नागलीचं म्हणजे नाचणीचं पीठ, तवा, परात, खुरासणीच्या म्हणजे कारळ्याच्या चटणीचा डबा, आणि खाली बसायला सतरंजी.

"अक्का, एका बाईला पाच किलो पीठ?" कुसाबाईने विचारलं.

"दिवसभर पळणार हाय ती. कमी पडायला नको."

कारण ही पोरं काय खातात ते मी पाहिलं होतं. बोटाएवढ्या पुडीत डिंकासारखं काही तरी असतं, ते पिळून चोखायचं. आमच्याकडे असलं बैलाच्या खुराला लावतात.

सुरुवातीला सगळं नियमाप्रमाणे चाललं. पुढचे गडी वाऱ्यासारखे आले, पेला हातातून हिसकावून घेतला, अर्धं पाणी डोक्यावर ओतलं आणि गेले. सव्वादोनच्या सुमाराला बर्फ संपला. किशोर मोटारसायकल काढत म्हणाला, "मावशी, मी आलोच. तोवर तुम्हीच बघा."

मी बघायला लागले. वेदिका यायला अजून वेळ होता, पण तवा तापायला नको का? तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या, पहिली भाकरी टाकली. ती फुगली आणि तिचा वास रस्त्यावर गेला.

तेवढ्यात सुरतेचा एक धिप्पाड गृहस्थ आला. पळत नव्हता, लंगडत होता. केळं हातात घेतलं आणि नाक वर केलं.

"काकी, ये क्या है?"

"भाकरी. बसा."

"नहीं नहीं, टाइम नहीं है."

"उभ्याने खाल्लं तर अंगी लागत नाही. बसा."

तो बसला. बसताना असा काही सुस्कारा सोडला की चिंचेवरचे पक्षी उडाले. अर्धी भाकरी आणि चटणी खाऊन त्याने डोळे मिटले. मागून पुण्याची स्नेहा नावाची मुलगी रडत आली. का रडतेस विचारलं तर तिलाही सांगता येईना. मी तिला जवळ बसवलं, प्रेमाने बोलले, नियम अकरा. मग दोघे आले, मग चौघे. आधीचे बसलेले दिसले की पुढच्याला सांगावंच लागत नव्हतं. पंगतीचं असंच असतं, पहिला माणूस बसवायला कष्ट, नंतर जागा पुरत नाही.

"आणखी अर्धी घ्या."

"आजी, खरंच नको."

"माझ्या हातची नको?"

एवढं म्हटलं की घ्यावीच लागते. कुसाबाई थापत होती, मी वाढत होते. बर्फाला गेलेल्या किशोरचा अजून पत्ता नव्हता, आणि सतरंजीवर एकोणीस जण झाले. कुणाच्या पायात गोळे आले म्हणून त्याने पाय पसरले, तर कुणी चपळाईने त्याच्या वाट्याची चटणी उचलली. सुरतवाला माझ्याकडून खुरासणी कशी भाजायची ते विचारून घेत होता. मला इतकं समाधान वाटत होतं की काय सांगू.

आता या लोकांच्या घोट्याला एक पट्टा बांधलेला असतो. रस्त्यावर जागोजागी चटया अंथरलेल्या असतात, त्यावरून माणूस गेला की तिकडे कमानीजवळ बसलेल्यांना कळतं. पुढची चटई अठराव्या किलोमीटरला होती. तिच्यावरून चाळीस मिनिटं एकही माणूस गेला नाही. सोळाव्यावरून येत होते, अठराव्यावर पोचत नव्हते. मधल्या दोन किलोमीटरांत एकोणीस माणसं गडप.

भोंगा वाजवत रुग्णवाहिका आली. तिच्या मागे जीप. जीपमधून शर्यतीचे मुख्य अमोल सर उडी मारून उतरले. चेहरा पिठासारखा झाला होता.

"काय झालं? किती पडलेत?"

"कुणी नाही पडलं," मी म्हणाले. "बसलेत. तुम्हीही बसा."

सरांनी पंगत पाहिली. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर गेणू तवा बघून जवळ आला. "आजी, नागली का? गाव कोणतं म्हणायचं?"

"सुरगाण्याकडचं."

"मी बोरगावचा."

"मग बस ना, उभा काय राहतोस."

"कुणी बसायचं नाही," अमोल सर म्हणाले. "आजी, ही स्पर्धा आहे."

"मग? स्पर्धेत जेवत नाहीत?"

"साडेतीनला वेळ संपते. तीन वाजायला पाच मिनिटं आहेत. हे एकोणीसच्या एकोणीस बाद होतील."

पंगत खडबडून उठायला गेली. उठता येईना. एकमेकांचे हात धरून, झाडाला धरून, 'अगं आई गं' करत एकेक उभा राहू लागला. माझ्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. बाद होणं म्हणजे काय, ते मी सिन्नरपर्यंत पाहिलं होतं.

आणि वळणावर वेदिका दिसली.

एकटीच होती, सगळ्यांच्या मागे. बारीक पावलं टाकत होती, पण टाकत होती. तिने समोर पाहिलं. चिंचेखाली माझं ठाणं, ठाण्यासमोर दार उघडं टाकलेली रुग्णवाहिका, भोवती गर्दी. मला दोन वर्षांपासून ब्लड प्रेशर आहे. मी धुरामुळे डोळ्यांना पदर लावून खाली बसले होते.

वेदिका वाट सोडून धावली. गर्दी बाजूला सारून माझ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि माझं मनगट धरलं. तिचे हात बर्फासारखे गार होते.

"आई, काय होतंय? छातीत दुखतंय का? सकाळची गोळी घेतली?"

"अगं, मला काही नाही झालं."

"खरं सांगा."

"खरंच नाही. मी भाकरी करतेय."

तिला ते पटेना. तिने माझी नाडी मोजली, घड्याळात बघून, पूर्ण एक मिनिट. सुटे भाग तपासणारी बाई, ती अंदाजाने मोजत नाही. मग मला पाणी पाजलं. मग गेणूला विचारलं. इतके दिवस जी पोरगी मला 'थांबायचं नाही' म्हणत आली, ती माझ्यासाठी थांबली होती, आणि तिची मिनिटं माझ्या मनगटावर सांडत होती.

मग कुठे तिला तवा दिसला. शेजारी ताटात तिची भाकरी टम्म फुगलेली होती. तिच्यासाठीच राखून ठेवलेली, कडेला चटणी. तिने त्या भाकरीकडे अशी काही नजर लावली आणि हात पुढे केला.

मी ताट मागे ओढलं.

उभ्या जन्मात मी कुणाच्या हातासमोरून ताट ओढलेलं नाही. माझाच हात मला परका वाटला.

"घरी ये, मग खा," मी म्हणाले. "कमान उभी आहे अजून. हळू चाललं तरी चालेल. थांबायचं नाही."

तिने गुडघ्यांवर हात टेकले. मग उठली. तीन वाजून एक मिनिट झालं होतं.

सुरतवाल्याने चटणीचं बोट चाटलं आणि आरोळी दिली, "चलो, काकी की बहू के साथ!" तो आणि ते सगळे तिच्यामागे निघाले. स्नेहा तिच्या डाव्या बाजूला, लंगडा सुरतवाला उजव्या. आजवर वेदिका प्रत्येक शर्यतीत शेवटी एकटी पळाली होती. आज तिच्यासोबत एकोणीस जेवलेली माणसं होती.

"पोटं भरून पळताहेत," अमोल सर कपाळाला हात लावून म्हणाले. "कुणी तरी पडणारच. गेणू, मागे मागे राहा."

गेणूने मला पुढच्या सीटवर घेतलं. ताट मांडीवर घेऊनच मी चढले. "भोंगा लावू का, आजी?"

"लाव. पण हळू. घाबरायला नकोत."

तो भोंगा वाजत होता आणि पुढे वीस पाठी हलत होत्या. कुणी मागे पडलं की दुसरा हात द्यायचा. मधेच कुणी ढेकर दिला की सगळे हसायचे आणि त्या हसण्यात दहा पावलं जास्त पडायची. शेवटच्या वळणावर लाल कमान दिसली. उभी होती. राजू तिच्या पायाशी टॉवेल घेऊन उभा होता आणि हवा सोडणाऱ्या माणसाचा दंड त्याने धरून ठेवला होता.

तीन वाजून एकोणतीस मिनिटांनी वेदिका कमानीखालून गेली. वर बघत गेली, जणू आकाशच लाल आहे. मग ती खाली बसली, आणि यावेळी तिने तोंड कुणापासून फिरवलं नाही. आम्ही सगळ्यांनी तिला रडताना पाहिलं.

भाकरी मात्र गार झाली होती. तरी तिने खाल्ली. मग घरी येऊन आणखी तीन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे सायकलवर कुणी नव्हतं, तरी मी पाटावर बसले आणि बारावा नियम लावून वाचला. 'स्पर्धकांना बसू देऊ नये. बसलेला स्पर्धक पुन्हा उठत नाही.' पहिलं वाक्य माझ्या वाचनात उशिरा आलं, हे कबूल. दुसरं चुकीचं आहे. एकोणीस उठले, मी मोजलेत.

तेरावा नियम मला अजून माहीत नाही. वेदिकाने तो वाचला, माझ्या तव्याकडे बघून पोट धरून हसली, आणि पुस्तिका सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. तिथे माझा हात पोचत नाही.