पिचकारीचं तोंड कुंपणाकडे

रंगपंचमीच्या सकाळी शैलेंद्र मागच्या अंगणात रांगोळीच्या पांढऱ्या पावडरने लांबलचक रेघ मारताना दिसला आणि सुनेत्राच्या मनात पाल चुकचुकली.

"हे काय चाललंय?"

"फायरिंग लाइन."

"अरे, मुलं पिचकाऱ्या खेळायला येतायत!"

"वॉटर गन म्हण. स्काउट्सच्या रूलप्रमाणे ती माणसावर पॉइंट करायची नसते. ओन्ली टार्गेट. आणि डोळ्यांना गॉगल कंपल्सरी."

त्यांच्या लेकीच्या, केयाच्या स्काउट गटाच्या छर्‍याच्या बंदुकीच्या कॅम्पसाठी शैलेंद्रने नुकतंच सेफ्टीचं ट्रेनिंग घेतलं होतं. त्याआधी या नाशिककराने जत्रेतले फुगे सोडले तर कशावर नेम धरला नव्हता. पण शिकलेलं वाया घालवणं त्याच्या रक्तात नव्हतं. हल्ली घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा मध्ये कुणी बसलेलं असेल तर रोखायला बंदी होती.

सुनेत्राला काळजी होती ती केयाची. व्हर्जिनियातल्या हर्नडनमधल्या या गटात ती यंदाच आली होती आणि अजून तिची कुणाशी घट्ट मैत्री जमली नव्हती. आज जमणार, असं केयाने मनाशी पक्कं धरलं होतं. "आज तुम्ही कुठल्याही मोठ्या माणसाला भिजवू शकता, आणि कुणी रागावणार नाही," असं सांगून तिने अख्खा गट गोळा केला होता.

दुपारी मुलं आली. त्यांच्यामागे गटप्रमुख डॉसनबाई पांढराशुभ्र स्वेटर घालून आल्या. शैलेंद्रने गळ्यात शिट्टी अडकवली. कुंपणावर जुनी चादर ताणून तिच्यावर गोल काढलेले होते. पोहायचे गॉगल चारच निघाले, म्हणून चौघांनी रेघेवर उभं राहायचं आणि बाकीच्यांनी मागे रांग लावायची असं ठरलं.

"पिचकारीचं तोंड कायम कुंपणाकडे! डेंजर दिसला तर कुणीही 'सीझ फायर' ओरडायचं. ओरडलं की सगळ्यांनी थांबायचं. समजलं?"

मुलांना फारच चांगलं समजलं. मधमाशी दिसली, सीझ फायर. बुटाची नाडी सुटली, सीझ फायर. कुंपणावर खार आली तेव्हा तर सगळे एका सुरात ओरडले. दर वेळी पिचकाऱ्या खाली, शिट्टी, तपासणी, पुन्हा शिट्टी. या भानगडीत चादरीवर जेमतेम चार थेंब उडाले.

रंग खेळायला आलेल्या मराठी मंडळींचं वेगळंच. शैलेंद्रचा मित्र विनय खास जुना सदरा घालून आला होता. त्याने पिचकारी भरली आणि "काय शैल्या!" म्हणत ती हातात घेऊनच वळला. शिट्टी वाजली.

"आऊट! बाकावर बस."

"अरे, रंगपंचमी आहे यार!"

"तू लोडेड घेऊन वळलास!"

मग सुनेत्राची नागपूरची वसुधामावशी पुढे आली. तिला रेघबिघ काही दिसलीच नाही. तिने थेट विनयवर नेम धरला. शिट्टी.

"जावईबापू, ही रंगपंचमी आहे का पोलीस भरती?" मावशी बाकावर बसता बसता म्हणाली. तिची बाजू घेताना सुनेत्राने रागाने पिचकारी जावईबापूंकडेच रोखली, आणि तीही बाकावर गेली. बघता बघता बाक मराठी माणसांनी भरला. सगळे कोरडेठाक पुरणपोळी खात बसले, आणि रेघेवर अमेरिकन मुलं शहाण्यासारखी उभी.

"व्हेरी सेफ!" डॉसनबाई कौतुकाने म्हणाल्या. शैलेंद्रची छाती फुगली.

तेवढ्यात गॉगल काढत ओवेन नावाचा मुलगा केयाला म्हणाला, "दॅट्स इट? हे तर आम्ही कॅम्पमध्ये करतोच. यू सेड वी कुड सोक द ग्रोन-अप्स."

केया बुटाने गवत उकरायला लागली. दोन मुलांनी जॅकेट उचलली. शैलेंद्रने हे पाहिलं. आपण लेकीचा सण मोडला, हे त्याला शिट्टीशिवाय कळलं.

तो तरातरा गेला आणि चादरीसमोर हात पसरून उभा राहिला.

"केया! शूट मी!"

केयाने डोळे मोठे केले. "बाबा, नो! नेव्हर पॉइंट इट ॲट अ पर्सन."

"आय नो. पण आज चालतं. मी सांगतोय ना!"

"तुम्हीच म्हणालात, कुणीही सांगितलं तरी नाही."

"ओवेन, तू मार!"

ओवेनने पिचकारीचं तोंड खाली केलं आणि शांतपणे म्हणाला, "सीझ फायर."

सगळ्यांनी पिचकाऱ्या खाली ठेवल्या. शैलेंद्रने विनवण्या केल्या, गॉगल घातला, शेवटी स्वतःच्या छातीवर गोल काढून दाखवला. एक पोर हलेना. इतकं चोख ट्रेनिंग व्हर्जिनियात कुणी दिलं नसेल. डॉसनबाईंना भरून आलं. बाकावर विनय पुरणपोळी हातात धरून गदागदा हसत होता.

केयाची नजर मात्र रंगाच्या बादलीवर गेली. तिने जरा विचार केला.

"बाबा, इज अ बकेट अ गन?"

शैलेंद्रने सगळे नियम डोळ्यांसमोरून फिरवले. त्याला खोटं बोलता आलं असतं. पण सेफ्टीच्या बाबतीत तो कधी खोटं बोलत नसे.

"नाही," तो म्हणाला. "पण बेटा, पाणी गार आ..."

बाक एका दमात रिकामा झाला. मावशी सगळ्यांच्या पुढे होती. मुलं ओरडत धावली आणि ओवेनने केयाच्या बरोबरीने बादलीला हात घातला. भरलेली बादली दोघांना उचलेना, तेव्हा डॉसनबाईंनी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या आणि दुसरी बाजू धरली.