बैठकीचा विषय : बसणे

“सरकारला पत्र लिहायचं तर शब्द मोजून लिही. एका कागदावर एकच मागणी, तीही एका ओळीत. दुसरी ओळ तिथे कुणी वाचत नाही.”

निवृत्त होताना मोठ्या बाईंनी दिलेला हा सल्ला बालवाडीच्या नव्या बाईंनी मनात जपून ठेवला होता. थंडी पडू लागली तशी त्यांनी कार्यालयाला एका ओळीचं पत्र धाडलं : ‘आमच्या बावीस मुलांसाठी बैठक हवी आहे.’

बैठक म्हणजे बसायला काहीतरी. बाकडी, सतरंजी, छोट्या खुर्च्या, काहीही चाललं असतं. खोलीतली फरशी इतकी गार, की मुलं तिच्यावर टेकतच नसत. सगळ्यांत लहान पिटुकली महिनाभर खोकत होती. घरी ती कुणाशी चकार शब्द बोलत नसे; बालवाडीत मात्र नुकतंच तिने तोंड उघडून “मला पण” असं म्हटलं होतं. आणि नेमकी तेव्हाच तिची आजी कंबरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

“बाई, तुम्ही चांगलं शिकवता, पण तुमची फरशी खोकायला शिकवते. येत्या सोमवारी पोरीच्या बुडाखाली काही दिसलं नाही, तर ती घरीच राहील.”

“आजी, सोमवारी ही खुर्चीवर बसलेली असेल. माझा शब्द.”

पिटुकलीने मान वर केली. “माझी खुर्ची?”

“तुझीच गं.”

दिलेला शब्द बाईंच्या लेखी देवापुढच्या दिव्यासारखा होता. तो विझू द्यायचा नसतो. त्याच दुपारी कार्यालयाचं उत्तर आलं : ‘बैठकीचा विषय कळवावा.’

बाई चक्रावल्या. बसायच्या वस्तूला विषय कसला? पण मोठ्या बाईंना स्मरून त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं : ‘बसणे.’

दुसऱ्या दिवशी कारकुनाचा फोन आला. “बाई, बैठक किती वेळ चालणार?”

“साडेनऊ ते साडेबारा. रोज.”

“रोज?” पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. “अहो, आमचे साहेबसुद्धा आठवड्यातून चारच घेतात!”

“लहान आहेत हो. उभं किती वेळ राहणार?”

“आणि सगळे बावीस जण हजर?”

“एखाददुसरा रडतो, पण येतात सगळे.”

“आमच्याकडे रडतात सगळे, पण येत नाही कुणी,” कारकून आदराने म्हणाला. “बरं, वयं सांगा.”

वयं सांगितली आणि तिथेच घोळ वाढला. सरकारने लहान मुलं कापडासारखी मापाने वाटून घेतली होती. तीन वर्षांपर्यंतचं मूल आरोग्य खात्याचं, तीन ते पाच बालकल्याणचं, पुढे शिक्षण खात्याचं. बाईंच्या एका खोलीत तिन्ही मापं होती. म्हणजे बैठक संयुक्त! शुक्रवार ठरला, सदस्य बावीस ठरले. बैठक संयुक्त, म्हणून खुर्च्याही तिन्ही खात्यांच्या नावाने मागवल्या गेल्या.

शुक्रवारी सकाळी टेम्पोतून बावीस लाकडी खुर्च्या उतरल्या, तेव्हा बाईंनी तिथल्या तिथे डोळे मिटून देवाला हात जोडले. डोळे उघडले तेव्हा त्या खुर्च्यांवर बावीस अधिकारी बसलेले होते आणि मुलं अंगणात गेली होती.

“बसणे,” आरोग्याचे साहेब घसा साफ करून म्हणाले, “हा आज अत्यंत गंभीर विषय झाला आहे.”

“साहेब,” बाईंनी हात वर केला, “माझ्या पत्रातली बैठक म्हणजे मुलांना बसायला...”

“आधी बसा बाई. बसून बोला.”

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्या उभ्याच राहिल्या. तेवढ्यात दारातून डोकावणारी पिटुकली खोकली.

“हिचं वय?” साहेबांनी विचारलं.

“आजच तीन पूर्ण झाली.”

“मग ती कालपर्यंत आमची होती.” साहेब मोकळे होऊन मागे टेकले.

“पण खोकला महिन्याचा आहे ना?” बालकल्याणच्या मॅडम सावध झाल्या. “मूल आमचं, खोकला तुमचा. तसंच लिहा.”

“पाचाची होऊ द्या,” शिक्षणाचे साहेब प्रेमाने म्हणाले, “मग आम्ही आहोतच.”

साडेबाराला कारकुनाने इतिवृत्त वाचून दाखवलं : ‘मागणीनुसार बैठक पार पडली. मागणी पूर्ण. प्रकरण बंद.’ टाळ्या वाजल्या, सह्या झाल्या, गाड्या सुरू झाल्या.

टेम्पोवाला मात्र आडवा आला. “खुर्च्या परत न्यायच्या तर मालकाची सही पाहिजे.”

सही केली की खुर्च्या आपल्या, आणि आपल्या झाल्या की जन्मभर त्यांचा हिशेब आपल्या गळ्यात. आरोग्याने मॅडमकडे बोट दाखवलं, मॅडमनी शिक्षणाकडे, शिक्षणाने घड्याळाकडे. बघता बघता सगळ्या गाड्या दिसेनाशा झाल्या. टेम्पोवालाही वैतागून निघून गेला.

“बाई,” जाता जाता कारकून हळूच म्हणाला, “तिघांनीही ‘आमच्या नाहीत’ असं लिहून दिलंय. कागदोपत्री या खुर्च्या जगात कुठेच नाहीत. त्यांचं काय झालं, हे विचारायला कुणीही येणार नाही.”

बाईंनी पिटुकलीला उचलून खुर्चीवर बसवलं. तिचे पाय हवेत लोंबले, पाठ टेकेना, आणि ती घसरत घसरत पुन्हा गार फरशीवर येऊन उभी राहिली.

“ही माझी नाही,” ती म्हणाली. “ही साहेबांची आहे.”

बाईंनी आपल्या केसांची रिबीन सोडली, पिटुकलीच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत धरली आणि तिथे गाठ मारली. मुलं घरी गेल्यावर त्या मागच्या गल्लीतल्या सुताराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“दादा, सोमवारपर्यंत करवत द्याल का?”

“देतो की. काय कापायचंय?”

“पाय.”

सुतार थबकला. “किती?”

“अठ्ठ्याऐंशी.”

त्याने भिंतीवरची मोठी करवत काढून दिली. बाईंनी ती पदराखाली धरली, रिबिनीची गाठ जागेवर आहे ना ते एकदा चाचपून पाहिलं, आणि त्या बालवाडीच्या दिशेने चालू लागल्या.