हमीदचाचांचं अ‍ॅव्हरेज

आमच्या उस्मानपुऱ्यातले हमीदचाचा पेट्रोल भरताना गाडी हलवतात. टाकीतली हवा निघाली की आणखी घोटभर मावतं आणि मगच 'फुल टू फुल' खरं अ‍ॅव्हरेज कळतं, असा त्यांचा सिद्धांत. एका बाजूनं ते धक्के देतात, दुसऱ्या बाजूनं शेजारधर्म म्हणून मी. मागं रांग खोळंबलेली, पंपावरचा माणूस वैतागलेला आणि चाचा मलाच म्हणतात, "जोर लावा की पाटीलसाहेब! नाश्ता नाय केला का?"

कापडाचं दुकान बंद करून घरी बसल्यापासून त्यांना दुसरा विषयच उरलेला नाही. गाडी त्यांच्या मुलापेक्षा, इम्रानपेक्षा, वयानं मोठी. भर मे महिन्यातही काचा उघड्या आणि वेग असा की सायकलवालासुद्धा वळून बघतो. उतार आला की इंजिन बंद. दौलताबादच्या घाटात मी जीव मुठीत धरून विचारलं, "चाचा, ब्रेक लागेल ना?"

"इन्शाअल्ला!" चाचा म्हणाले.

मी नवी गाडी घेतली तेव्हा पेढा तोंडात टाकायच्या आत त्यांनी विचारलं, "अ‍ॅव्हरेज काय देते?" मी पडद्यावरचा आकडा दाखवला. "व्हय, पण सांगतंय कोण? गाडीच ना? सोताच्या तोंडानं सोताची तारीफ!" सिग्नलला माझ्या गाडीचं इंजिन आपोआप बंद झालं, तेव्हा तर ते उसळलेच. "हे तर मी जवानीपासून करतोय! आमची नक्कल करून लोकाला विकतात!"

अशा माणसाशी वाद घालणं माझ्या रक्तदाबाला परवडत नाही.

तेवढ्यात इम्रान पुण्याहून आला तो हट्टच धरून. जुनी गाडी भंगारात द्यायची आणि अब्बांना नवी, एसीची घ्यायची. चाचा हटेनात. शेवटी ठरलं, पिशोरला, चाचींच्या माहेरी, दोन्ही गाड्या न्यायच्या. चाचांच्या गाडीनं माझ्या गाडीपेक्षा जास्त अ‍ॅव्हरेज दिलं तर ती राहील, नाहीतर जाईल. मला कोणी विचारलंच नाही.

निघताना इम्राननं चाचींना माझ्या गाडीत बसवलं आणि तोही मागच्या सीटवर बसला. खरं तर चाचांच्या गाडीतलं वजन कमी झालं, त्यांनी खूश व्हायला हवं होतं. पण ते काचेजवळ येऊन घुटमळले. "हिला माझ्याकडं द्या."

"अब्बा, अम्मीला जरा थंड हवेत बसू द्या ना," इम्रान म्हणाला. चाचीही म्हणाल्या, "जाऊ द्या, पोरगा एवढा म्हणतोय."

फुलंब्री ओलांडली आणि चाचींचा चेहरा पांढरा पडला. मी गाडी बाजूला घेतली. दार उघडेपर्यंत त्यांना उलटी झाली. मागून चाचा आले, पाण्याची बाटली घेऊन उतरले आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागले. त्यांची गाडी तिकडं चालूच राहिली होती. पेट्रोल जळत होतं आणि चाचांचं लक्षही नव्हतं.

चूळ भरून चाची मला म्हणाल्या, "लगीन झालं तवापासून असंच आहे, भाऊ. बंद गाडीत, जोरात चालली की मळमळतं. एकदा सासरच्या समद्या लोकांपुढं झालं, लई शरम वाटली. तवापासून हे लोकाला सांगतात, पेट्रोल वाचवायला हळू चालवतो म्हणून. सांगता सांगता ह्यांनाच खरं वाटाया लागलं."

"चल, बस गाडीत," चाचा चाचींवर खेकसले. त्यांचे कान लाल झाले होते.

इम्रान रस्त्याकडं बघत उभा होता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "अब्बा, गाडी राहू द्या."

"का? मुकाबला झाला कुठं अजून?"

"राहू द्या म्हटलं ना."

इतकी वर्षं ज्याला मी चिक्कू समजून मनात शिव्या घातल्या, तो माणूस बायकोची लाज राखायला जगभर चिक्कू म्हणवून घेत होता.

पिशोरपर्यंत मी त्यांच्या मागंच राहिलो. ट्रकवाले हॉर्न मारत, चाचांकडं बघून काहीबाही बोलत पुढं जात होते. चाचा प्रत्येकाला हात दाखवून वाट देत होते. उघड्या खिडकीतून वारा येत होता आणि शेजारच्या सीटवर चाचींना गाढ झोप लागली होती.