पंतांची बिनमिरचीची पंगत

आमच्या समोर राहणाऱ्या पंतांच्या घरात मिरची नाही. हिरवी नाही, लाल नाही, फोडणीपुरतीसुद्धा नाही. डॉक्टरांनी बंद केली म्हणाल तर तसंही नाही. त्या माणसाचं पोट दगड पचवील. पंतांचं म्हणणं एवढंच, की पूर्वी आपल्या मुलखात मिरची नव्हतीच, ती फिरंग्यांनी जहाजातून आणली. मग जुनं जेवण रांधायचं तर तिला उंबऱ्याच्या आत घ्यायची कशाला?

मी चांदवडचा. आमच्याकडे पोरगं रांगायला लागलं की ठेचा ओळखतं. जन्मभर आग्रा रोडला ट्रक चालवला तो भाकरी आणि ठेच्यावर. आणि मला हा माणूस सांगतो, "तात्या, तुमच्या पूर्वजांनी मिरची बघितलीसुद्धा नव्हती."

मी म्हणालो, "म्हणूनच लवकर गेले असतील बिचारे."

यांचं नाव वसंतराव गर्गे, पण इमारतीत सगळे पंतच म्हणतात. पंचाहत्तरी उलटली. सरकारी कचेरीत नोकरी केली, लग्न केलं नाही. वाचनालयातून जुनी पुस्तकं आणायची, फिरंगी यायच्या आधी कुणाच्या लग्नात काय वाढलं होतं ते हुडकायचं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी ते सगळं स्वतः रांधून शेजाऱ्यांना जेवायला बोलवायचं, हा त्यांचा उद्योग. बटाटा नाही, टमाटा नाही, शेंगदाणा नाही. चहाचं तर नावच काढायचं नाही. एकदा खालच्या मजल्यावरची सूनबाई कौतुकानं टमाट्याची कोशिंबीर घेऊन आली, तर पंतांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "काळ मोडला! तात्या, काळ मोडला!" ती बिचारी घाबरली. तिला वाटलं पंतांचं काहीतरी मोडलं.

महाशिवरात्रीला इमारतीत साबुदाण्याची खिचडी होती. पंत परातीपाशी उभे राहून येईल त्याला सांगायला लागले, साबुदाणा परका, त्यातला शेंगदाणा परका, वरची मिरची तर परकीच. आमची मंडळी सटाण्याकडची, ऐकून घेणारी नव्हे. म्हणाली, "मग भाऊ, आमचे इतक्या वर्षांचे उपास वाया गेले का?"

पंतांनी खूप विचार केला. म्हणाले, "नाही वहिनी. देव इतिहास वाचत नाही."

आणि स्वतः ऐटीत रताळं खायला घरी गेले. जिन्यात त्यांना आठवलं की रताळंही परकंच. त्या दिवशी अख्ख्या इमारतीत खरा उपास एकट्या पंतांना घडला.

पहिल्यांदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा सदऱ्याच्या खिशात एक हिरवी मिरची घालून गेलो होतो. लपून नाही, हक्कानं. आपल्या जिभेची सोय आपण करावी. पंतांनी दारातच वास घेतला, मिरची काढून घेतली आणि बाहेर चपलांच्या शेजारी ठेवली. "जाताना घेऊन जा." आत समया लावलेल्या, पंखा बंद. मे महिना, पण त्या काळात पंखा नव्हता. मोबाइल सगळ्यांचे एका टोपलीत. आमटी वाढली. मी म्हणालो, "मिरची नाही तर ही आमटी काय तान्ह्या बाळासाठी केली?" आणि वाटी तोंडाला लावली. पंतांनी त्यात मिरे आणि पिंपळी अशी घातली होती की घशात जाळ उतरला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पंत शेजारी उभे राहून किल्ला जिंकल्यासारखे बघत होते.

"काय तात्या, तिखट लागली?"

"डोळ्यात कचरा गेला," मी म्हणालो आणि आणखी एक वाटी मागितली. माघार घेणं आपल्याला माहीत नाही.

मग एका वर्षी त्यांनी मांडे करायचं मनावर घेतलं. मांडा म्हणजे खापरावरची पुरणपोळी. ती लाटायची नसते, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठी करायची आणि उपड्या खापरावर टाकायची. पंतांनी फिरवायला घेतली. पोळी मनगटावरून कोपरावर गेली, कोपरावरून खांद्यावर आणि तिथं लोंबकळत राहिली. आमची मंडळी दारातून बघत होती. तिनं विचारलं, "भाऊ, हाई टावेल शे का मांडा?" आणि हसता हसता उंबऱ्यावरच बसली. दुसरा कुणी असता तर खापर फोडून टाकलं असतं. पंत रोज सकाळी एक मांडा हातावर घ्यायला लागले. फाटलेले मांडे दूध-गुळात बुडवून नाश्त्याला खायचे. वर्षभर दुसरा नाश्ता नाही.

अखेर मांडा जमला आणि पंतांनी आखाजीची पंगत जाहीर केली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. या खेपेला सगळ्यात मोठी पंगत, दुपारची, अख्ख्या इमारतीला. जुन्या रीतीनं दारोदार अक्षता घेऊन फिरले, "सहकुटुंब यायचं." सगळे म्हणाले, "येणार पंत, येणार."

आता आमच्या इमारतीत अर्ध्याच्या वर बिऱ्हाडं मालेगाव, सटाणा, चांदवडकडची. आखाजीला आमच्याकडे लेकीबाळी माहेरी जातात. त्यांच्या मागोमाग नवरेही रस खायला सासुरवाडी गाठतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. प्रत्येक घराला वाटलं, आपण नसलो तरी बाकीचे आहेतच की. आमची मंडळीही सटाण्याला गेली. मी गेलो नाही, कारण मेहुण्याशी माझं बोलणं नाही. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही आठवत नाही, पण म्हणून काय आपण होऊन जायचं?

सकाळी घरात पितरांची घागर पुजली आणि बाराच्या सुमाराला पंतांकडे गेलो. दार सताड उघडं. केळीच्या पानांच्या दोन लांब ओळी, प्रत्येक पानाभोवती रांगोळी. पंत धोतर नेसून हात जोडून उभे.

"या तात्या. बाकीचे येतीलच."

आम्ही वाट बघितली. लिफ्टचा आवाज आला की पंत दारात जायचे. लिफ्ट वर निघून जायची. गॅलरीतून खाली बघितलं तर गाड्यांची जागा रिकामी. शेवटी त्यांनी टोपलीतून स्वतःचा फोन काढला आणि एकाला लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. "अहो पंत, आम्ही मालेगावला! आखाजी ना! बाकीचे असतील की तुमच्याकडे." आणखी एक-दोघांना लावला. तेच.

पंत हसले. "मला सासुरवाडी नाही ना, तात्या. ध्यानातच आलं नाही माझ्या."

आणि वाकून एकेक पान उचलायला लागले.

"पानं उचलायची नाहीत," मी म्हणालो.

"वाया जातील."

"जाऊ द्या. तुम्ही बसा, मी वाढतो."

"यजमान आधी बसत नसतो. रीत नाही."

"मग मीही बसत नाही."

दोघंही उभे. भात निवत चालला. मी सांगितलं, "पंत, जन्मभर आग्रा रोडला मी कुणाला पुढं जाऊ दिलं नाही. संध्याकाळपर्यंत उभा राहीन."

तेव्हा ते बसले. पण कुठं, तर दाराजवळच्या अगदी शेवटच्या पानावर. त्यांना तिथून उठवून मधल्या पानावर बसवलं. मी वाढायला लागलो. मीठ कुठं, भाजी कुठं, मला काय ठाऊक. चटणीच्या जागी भाजी पडली. पंतांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग खाली मान घालून जेवायला लागले. पडेल ते खात होते, पान चाटून पुसून स्वच्छ. मी विचारलं, "मांडा वाढू?" तर नुसते बघत राहिले. हो नाही, नको नाही.

"अहो, बोला की काहीतरी!"

"सवय नाही," पंत म्हणाले. "लहानपणी मी वार लावून जेवलो, तात्या. शिकायला नाशकात आलो, घरचं कुणी नव्हतं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सणाला त्यांची पंगत आत बसायची, मी बाहेर ओसरीवर. वाईट कुणी वागवलं नाही हो. पंगत उठली की मलाही वाढायचे. वासावरून ओळखायचो आत काय काय झालंय. पण मागायचं कसं? जे पडेल ते खायचं."

इतक्या वेळा त्यांच्याकडे जेवलो, पण पंतांना पानावर बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होतो. काय बोलावं सुचलं नाही की मी रागावतो. म्हणालो, "ते मला माहीत नाही. माझ्या हातून जेवायचं तर तोंडानं मागायचं. नाहीतर हा मी बसलो खाली."

आणि खरंच बसलो, त्यांच्या समोरच्या पानावर, मांडी घालून.

पंतांनी पानातल्या रिकाम्या जागेकडे बघितलं. बोट रांगोळीच्या रेघेवर फिरत होतं. मग मान वर न करता, शाळेतल्या पोराच्या आवाजात म्हणाले, "रस... आणखी थोडा मिळेल का?"

मी उठून आत गेलो. वाटी घेतली, पळी घेतली. मग वाटी-पळी तिथंच ठेवली आणि अख्खं पातेलं उचलून बाहेर आणलं.