महाराजांची गोळी आधी कोण चाखणार?

एका जंगलात वाघ राजा होता. आता मुलांनो, वाघ म्हटल्यावर तुम्ही डरकाळीची वाट बघाल. पण आपला वाघ आजारी होता. त्याच्याने शेपूटसुद्धा हलववत नव्हतं.

त्याचं रक्त बिघडलं होतं. वैद्य हत्तीणबाईंनी त्याच्या भावाच्या मूळपेशी त्याच्या अंगात सोडल्या. नवं रक्त तयार झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण नव्या रक्तातले शिपाई भारीच कडक निघाले. वाघाचं पोट त्यांना परकं वाटलं आणि ते त्याच्यावरच तुटून पडले. त्यात औषधांनी पोटातले भले जंतूही मेले. राजाला हगवण लागली ती थांबेचना.

वाघीण रत्नमाला त्याच्या उशाशी बसून असे. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या, तसा तिचा धीर सुटत चालला.

"एक उपाय आहे," हत्तीणबाई म्हणाल्या. "नदीपलीकडच्या एका धडधाकट वाघाची विष्ठा तपासून, गाळून तिची गोळी केलीय. भले जंतू पोटात पुन्हा नांदले, तर शिपाई शांत होतात. वचन देत नाही. पण बऱ्याच जणांना गुण आलाय."

"द्या लवकर!" वाघीण म्हणाली.

"थांबा!" कोल्हा ओरडला. हा प्रधान पिंगोजी.

त्या जंगलात एक जुनी रीत होती. राजाच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट आधी प्रधानानं चाखायची. या रितीवर पिंगोजी चांगला गुबगुबीत झाला होता. हरणाची मांडी चाखता चाखता कधी कधी अर्धी संपायची.

"मी चाखल्याशिवाय महाराजांना काही देता येत नाही," पिंगोजी म्हणाला. "आणि हे मी चाखणार नाही. आमचं घराणं बघा जरा!"

"म्हणजे महाराजांनी मरायचं?"

"रीत आहे, बाईसाहेब. माझा नाइलाज आहे."

वाघिणीचा पंजा वर गेला. तेवढ्यात वाघ कण्हला. तिनं पंजा आवरला आणि सभा बोलावली.

"रीत मोडायची नाही," ती म्हणाली. "मग चाखणारा नवा प्रधान हवा. कोण तयार आहे?"

"मी!" अस्वल पुढे आलं. "मध खाताना माश्यासुद्धा गिळतो मी. गोळीचं काय घेऊन बसलात? पण हरणाची मांडीपण मीच चाखणार ना?"

"अर्थात."

पिंगोजीच्या तोंडचं पाणी पळालं. मांडीबरोबर प्रधानपदही चाललं होतं. तो टुणकन खडकावर चढला.

"बंधूंनो! ही चाखायची रीत रानटी आहे! राजानं दुसऱ्याचं उष्टं का खावं? महाराज आणि त्यांचा घास, यांच्यामध्ये येणारे आपण कोण? आजपासून ही रीत बंद!"

तरुण तरसांनी त्याला खांद्यावर घेतलं. जयजयकार संपायच्या आत वाघिणीनं गोळी वाघाच्या जिभेवर ठेवली.

पोट हळूहळू सावरलं. एके सकाळी वाघ म्हणाला, "अगं, भूक लागलीय." वाघिणीला रडूच कोसळलं.

हरणाची मांडी आली. पिंगोजीनं सवयीनं मान लांब केली.

"अहो, तुम्ही तर समाजसुधारक!" वाघीण म्हणाली. "या, इकडे लांब बसा. यांचं जेवण होईस्तोवर छानसं भाषण करा."

भाषण लांबलं. वाघानं हाडसुद्धा ठेवलं नाही.

तात्पर्य : जुनी रीत मोडण्यासाठी थोर विचारांची वाट बघत बसू नये. ती पाळायला लावणाऱ्याच्या तोंडचा घास दुसऱ्याला देऊ करावा. थोर विचार त्याला तिथल्या तिथे सुचतात.