कपाळावरच्या सात रेघा

गुरुपादप्पांच्या चेहऱ्याची उजवी बाजू संशोधनाला दिलेली होती. डावी ते स्वतः वापरत.

उजव्या बाजूला मसुराचं पीठ, साय, मध आणि तुरटी यांचा लेप. डावी बाजू कोरी, कारण तुलना करायला काहीतरी पाहिजे. लेप वाळला की उजवं तोंड उघडत नसे. मग हळ्ळीखेडच्या बाजारातल्या आपल्या अत्तर-तेलाच्या दुकानात बसून ते गिऱ्हाइकांशी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून बोलत. दुबलगुंडीचा एक भला माणूस उदबत्ती घ्यायला आला, तो हे बघून घाबरला आणि थेट मागच्या दारी अक्कांकडे गेला.

"अक्का, अप्पावरनं वारं गेलं व्हय? कधी झालं?"

"वारं न्हाई बाबा, मसुराचं पीठ हाय त्ये," अक्का म्हणाल्या. "दुपारपतोर निघतंय."

नीलम्माअक्का म्हणजे अप्पांची बायको. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून बसलेले. बारा वर्षं झाली, उजेड आहे की अंधार एवढंच त्यांना कळायचं. पण माणूस पावलावरून ओळखायच्या आणि भाकरी थापायच्या ती चंद्रासारखी. आणखी एक काम त्यांनी कधी सोडलं नाही. सकाळी अंघोळ करून अप्पा समोर बसले, की तीन बोटं विभूतीत बुडवून त्यांच्या कपाळावर पट्टे ओढायचे. त्याशिवाय अप्पा दुकान उघडत नसत.

मी या घरात भाडेकरू म्हणून आलो तो पोलीस ॲक्शननंतर. उर्दू शाळा मराठी व्हायला लागल्या होत्या, मास्तर कमी पडत होते, म्हणून बार्शीहून मला इकडे नेमलं. वय चोवीस, डोक्यावर दाट कुरळे केस आणि त्या केसांच्या खाली फारसं काही नाही. अप्पांची नजर पहिल्या दिवशी माझ्या सामानावर न जाता माझ्या डोक्यावर गेली. शेतकरी जमीन बघतो तशी.

"मास्तर, ह्ये रान कुनाच्या मालकीचं?"

"माझंच."

"मग सहा हप्ते मला कसायला द्या."

अप्पांचं शिक्षण उर्दूत झालेलं. त्यामुळे आठवड्याला ते 'हप्ता' म्हणत, प्रयोगाला 'तजुर्बा', तपासणीला 'मुआयना' आणि शेवटी जे काही हाती लागेल त्याला 'नतीजा'. बाजारात कुणी एखाद्या साबणाची तारीफ केली, की अप्पांचं ठरलेलं वाक्य येई, "कानावर नगं, कागदावर दाव!" सगळा कागद एका जाड काळ्या वहीत होता. माश्या कुठल्या गालावर जास्त बसतात हेसुद्धा तिच्यात लिहिलेलं होतं. (उजव्या. मधामुळे.)

सुरकुत्या मोजायची त्यांची रीत तर अशी, की मोठमोठ्या डॉक्टरांनी शिकावी. अक्कांनी ओढलेले पट्टे दुपारी ते ओल्या कापडानं हलकेच पुसत. कपाळ स्वच्छ व्हायचं, पण सुरकुतीत शिरलेली विभूती तिथंच राहायची. मग आरशासमोर पांढऱ्या रेघा मोजायच्या. "सात," असं रोज सांगत आणि रोज लिहीत. सात रेघांच्या पाच करायच्या होत्या, आणि केस होते त्याच्या दुप्पट. हे सगळं पाडव्याच्या आत.

"पाडव्यालाच का?" मी विचारलं.

"कामून म्हंजे? मुदत हाय म्हनून," अप्पा म्हणाले आणि लेप वाळल्यामुळे गप्प झाले.

आता माझ्यासारख्या माणसाला एवढं पुरेसं होतं. पन्नाशी उलटलेला गृहस्थ, बायको आंधळी, आणि पाडव्याच्या आत तरुण व्हायची घाई! मी शाळेत मास्तरांच्या खोलीत गमतीनं म्हणालो, अप्पा दुसरं लगीन करणार दिसतंय. सकाळच्या सुट्टीत म्हणालो, आणि शाळा सुटेपर्यंत बातमी बाजार ओलांडून विहिरीवर पोचली होती. मुलगी औरादची आहे, हे मलाच विहिरीवर कळलं.

रात्री जेवताना अक्का म्हणाल्या, "मास्तर, औरादची पोरगी कशी हाय वो? भाकरी येती का तिला?"

मी ताट बाजूला सरकवलं. अक्का खुदकन हसल्या. "खावा, खावा. मला पावलं कळत्यात. त्यांची पावलं औरादच्या रस्त्याला कधी गेली न्हाईत."

दरम्यान माझं डोकं मशागतीला लागलं होतं. तेलात माका, आवळा, जास्वंद आणि "मुळं उघडाय पायजेत म्हनून" चिमूटभर पापडखार. हा पापडखार हप्त्याहप्त्याला वाढत गेला. वास असा की वर्गातली पुढची रांग आपोआप मागं सरकली. रोज सकाळी मी पन्नास वेळा फणी फिरवायची, निघालेले केस मोजायचे आणि वहीत आकडा टाकायचा. अप्पांनी कोऱ्या पानावर सहा रकाने आखून दिले. "पहिल्या रकान्यात पहिला हप्ता, मग फुडं जायाचं." एवढं सोपं काम. त्यातही मधले तीन-चार दिवस मी आळसानं न मोजताच आकडे टाकले, हे आता सांगायला हरकत नाही.

सहाव्या हप्त्याच्या शेवटी अप्पा वही घेऊन दुकानातून धावतच आले.

"नतीजा! मास्तर, नतीजा! पहिल्या हप्त्याला नव्वद, आता एकोनीस!"

मी डोक्यावरून हात फिरवला. हातात केस आले. "पण अप्पा, मला तर विरळ झाल्यासारखे..."

"कानावर नगं! कागद काय म्हनायलाय?"

कागद म्हणत होता सुधारणा. आकडा टाकला की मी तो विसरून जात असे, आणि मधले आकडे माझ्या मनचे असल्यामुळे मला कागदाशी भांडायची सोय नव्हती. उलट रात्री आरशात बघून मी स्वतःची समजूत घातली, की एवढे विरळच असतील आपले, आपल्यालाच गर्व होता.

त्याच आठवड्यात अक्कांचा भाऊ आला आणि त्यांना सोलापूरला घेऊन गेला. "माहेरच्या कामाला," अप्पा एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून विभूती स्वतःच्या हातानं, वाकडीतिकडी. आणि आता दोन्ही वेळा स्वतःच्याही डोक्याला तेच तेल. माझ्या डोक्याच्या दुप्पट मात्रा.

दहाव्या दिवशी ते माझ्या दारात उभे राहिले. उशीचा अभ्रा हातात होता. अभ्र्याला केस होते. अप्पांच्या डोक्याला, पुढच्या बाजूला तरी, नव्हते.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमाला एकोनीसवर आलं, मला कामून असं?"

"वही बघू," मी म्हणालो. अप्पांनी वही आणली. पान उघडून मी म्हणालो, "हा बघा पहिला हप्ता," आणि बोट डाव्या कडेला ठेवलं. त्याच वेळी अप्पांनी बोट उजव्या कडेला ठेवलं होतं.

आम्ही दोघं एकमेकांच्या बोटांकडे बघत राहिलो.

अप्पांची वही उर्दूची. उजवीकडून सुरू व्हायची, डावीकडे संपायची. मी बार्शीचा. डावीकडून लिहीत गेलो. एकोणीस केस पहिल्या हप्त्याचे होते. नव्वद शेवटच्या.

मला वाटलं आता वही डोक्यात बसणार. पण अप्पा खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता डाव्या गालावरच्या सुरकुत्या हलल्या, उजव्या गालावरचा लेप तडकला. मग हसणं थांबलं.

"परवा पाडवा," ते म्हणाले. "तिचं आपरेशन झालंय, मास्तर. सोलापूरच्या डाक्टरनं सांगितलं व्हतं, दिसंल म्हनून. परवा चष्मा लावून येनार हाय." अभ्र्यावरचा एक केस त्यांनी उचलला. "बारा सालाखाली तिनं मला शेवटचं बगितलं. तवा डोक्यावर दाट रान व्हतं. कपाळावर येक रेघ न्हवती. तिच्या ध्यानात त्योच मानूस हाय. त्याच्याच हातात भाकरी देती, त्याच्याशीच बोलती. परवा चष्म्यातनं त्यो दिसला न्हाई म्हंजे?"

मी विहिरीवर लग्न लावून दिलेला नवरा माझ्यासमोर बसला होता. मी म्हणालो, "रुमाल बांधू या डोक्याला."

पाडव्याला सकाळपासून ओट्यावर गर्दी. औरादच्या पोरीच्या आशेनंही काही जण आले असावेत. मी अप्पांना माझ्या हातानं रुमाल बांधला, भुवयांपर्यंत. उजवी बाजू रस्त्याकडे करून बसवलं, संशोधनातली. ते मधूनमधून रुमालाखाली बोट घालत होते आणि परत काढत होते.

हुमनाबादहून आलेली बैलगाडी थांबली. भावानं हात देऊन अक्कांना उतरवलं. जाड भिंगांच्या चष्म्यामागं त्यांचे डोळे केवढे मोठे दिसत होते! त्यांनी तोरण बघितलं, गुढी बघितली, मला बघितलं. "ह्ये मास्तर व्हय? मला वाटलं केस लई असतील." गर्दी हसली. मग नजर अप्पांवर आली. थांबली. दुसऱ्या म्हाताऱ्यावर गेली, परत आली.

"आनि आमचे ह्ये कुठं हाईत?"

कुणी हसलं नाही. अप्पांनी मान खाली घातली. आवाज दिला असता तर अक्कांनी लगेच ओळखलं असतं, पण आवाज फुटेना. उजवी बाजू, डावी बाजू, दोन्ही सारख्याच पडल्या होत्या.

मग अक्कांनी चष्मा काढून भावाच्या हातात दिला. डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी सरळ आत गेल्या, कशालाही न अडखळता, आणि विभूतीची डबी घेऊन आल्या. अप्पांसमोर बसल्या, रुमाल मागं सरकवला. टक्कल उघडं पडलं. त्याची त्यांनी दखल घेतली नाही. तीन बोटं विभूतीत बुडवली आणि कपाळावरून डावीकडून उजवीकडं सावकाश ओढत नेली.

मध्येच बोटं थांबली. तेवढ्याच जागी परत फिरली.

"सात व्हत्या," अक्का म्हणाल्या. "मी न्हाई म्हनून येक वाढवून बसलाव व्हय?"